वसंतात दिवस मोठा झाला की लहान मुलं वेळेवर झोपत नाहीत. आमची शिस्त कमी पडते का?

प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. तुमचा चार वर्षांचा मुलगा, दीड वर्षाची मुलगी, हिवाळाभर साडेसातला झोपणारी पोरं आता नऊ वाजले तरी टक्क जागी, दुपारची झोप बंद करावी का असा विचार चाललाय, आणि घरातली मोठी माणसं म्हणतायत की तुम्ही मुलं लाडावून ठेवलीत. शिस्त कमी पडत नाहीये. उजेड जास्त पडतोय.

आमच्याकडे बायको संध्याकाळच्या पाळीला असते, त्यामुळे मुलांना झोपवण्याचं काम पहिल्यापासून माझं. आणि याच विषयावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं जे वाजलं, ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

दादा-वहिनी वसंतात आमच्याकडे राहायला आले होते. माझा थोरला मुलगा तेव्हा तुमच्या मुलाएवढाच. बाहेरून आला तो गुडघ्याला चिखल, बुटात माती, मुठीत एक ओली काटकी घेऊन. आंघोळ, जेवण, गोष्ट, सगळं रोजच्या क्रमाने झालं आणि तो गपचूप अंथरुणावर पडला. खिडकीला पडदा होता, पण पडदा आणि चौकट यांच्यामध्ये बोटभर फट राहत होती. तिथून उन्हाची एक पट्टी थेट त्याच्या उशीवर यायची. तो त्या पट्टीत बोटं हलवत पडला होता. रडणं नाही, हट्ट नाही. मला म्हणाला, "बाबा, खालची मुलं अजून खेळतायत. ऐक ना." खरंच आवाज येत होते. "मग रात्र कशी झाली?"

चार वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. त्याला बाहेरचा उजेड कळतो, आवाज कळतात, आणि त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष बरोबर होता.

दादा दारात उभा राहून हे ऐकत होता. म्हणाला, "तुझ्या घरात मुलं आईबापांना झोपवतात." मग फर्मान निघालं. संध्याकाळी बाहेर सोडायचं बंद कर, खेळून खेळून अंगात वारं शिरतं. वेळ झाली की खोलीत ठेव आणि दार लावून घे, रडेल आणि झोपेल. दुसऱ्या दिवशी मला घरी यायला उशीर झाला, तर त्याने ते अमलातही आणलं. पोराला उन्हं असतानाच आत घेतलं, जेवण झाल्यावर खोलीत सोडलं आणि दार ओढून घेतलं. मी आलो तेव्हा मुलगा दाराला पाठ लावून जमिनीवर बसला होता, केस घामाने कपाळाला चिकटलेले, हुंदके थांबत नव्हते. त्या आवाजाने धाकटीही उठली होती. त्या रात्री दोघंही सगळ्यात उशिरा झोपली. दादाचं म्हणणं, पहिला दिवस असाच जातो. मी दुसरा दिवस येऊ दिला नाही, आणि त्यावरून तो जो रुसला तो रुसलाच.

आता यामागचं कारण. अंधार पडू लागला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन नावाचं झोपेचं संप्रेरक सोडायला लागते आणि शरीराला कळतं की रात्र झाली. डोळ्यांवर प्रखर उजेड असेल तर ते दाबलं जातं. लहान मुलांच्या डोळ्यांतली भिंगं मोठ्यांपेक्षा नितळ आणि बाहुल्या मोठ्या असतात, त्यामुळे तोच उजेड त्यांना जास्त लागतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये शाळेत जाण्याच्या वयाआधीच्या काही मुलांना झोपण्यापूर्वी तासभर प्रखर उजेडात बसवलं, तेव्हा त्यांचं मेलाटोनिन जवळजवळ नव्वद टक्क्यांनी खाली आलं. उजेड बंद केल्यावरही बराच वेळ ते वर आलं नाही. अभ्यास मोजक्याच मुलांवरचा होता, पण तुम्ही रोज संध्याकाळी घरात जे बघताय ते हेच आहे. आणि दार लावून घेतल्याने मेलाटोनिन वाढत नाही, हे मी दादाला त्याच रात्री सांगितलं होतं.

वसंतातच हे एवढं का जाणवतं? कारण दिवस सगळ्यात झपाट्याने मोठा होतो तो याच सुमाराला, मार्चमधल्या विषुवदिनाच्या आसपास (दक्षिण गोलार्धात सप्टेंबरमध्ये). विषुववृत्ताच्या जवळ हा फरक रोज मिनिटभराचाही नसतो, पण पन्नास अंश अक्षांशावर रोज चार मिनिटांच्या आसपास. म्हणजे महिन्याभरात जवळपास दोन तास. मुलाचं वेळापत्रक तेच राहिलं, आभाळ त्याच्या खालून सरकलं. काही देशांत त्यात घड्याळही एक तास पुढे करतात. तुमच्याकडे तसं असेल तर चार-पाच दिवस आधीपासून जेवण आणि झोप रोज दहा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणत जा.

खेळ मात्र तोडू नका. यावर मी वाद घालायला कधीही तयार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे, त्यातला तासभर तरी चांगली दमछाक करणारा. डोळ्यांचंही तेच. तैवानमध्ये नजर कमी असलेल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांचं प्रमाण २०११ पर्यंत वाढत वाढत ५० टक्क्यांवर गेलं होतं. तिथे २०१० पासून मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढण्यावर जोर दिला आणि २०१५ पर्यंत ते ४६ टक्क्यांवर उतरलं. हिवाळाभर घरात कोंडलेलं पोर वसंतात बाहेर पडलं, मुंग्यांची रांग बघत अर्धा तास उकिडवं बसलं, तर ते बिघडत नाही. फक्त या उजेडातला जमेल तेवढा वाटा सकाळी द्या. सकाळचा उजेड झोपेची वेळ अलीकडे ओढतो, संध्याकाळचा पुढे ढकलतो. शाळेत किंवा पाळणाघरात चालत नेता येत असेल तर चालत न्या.

संध्याकाळी खेळून आल्यावर, झोपायच्या तासभर आधी, घरात रात्र करायची. मोठे दिवे बंद, एखादा पिवळा मंद दिवा चालू, पडद्यावरची कार्टून बंद. बाथरूमचा पांढरा भगभगीत दिवा सगळे विसरतात. सगळं नीट करून शेवटी दात घासायला मुलाला त्याच्याखाली उभं करतात आणि केलेल्यावर पाणी पडतं. आमच्याकडे दात तासभर आधीच घासून होतात. खिडकीला मी गडद जाड कापड लावलं, नुसतं टांगलं नाही, चारी बाजूंनी चौकटीला चिकटवलं, कारण खरा घोटाळा कडांच्या फटीत असतो. आठवडाभरात थोरला पुन्हा आठच्या आत झोपायला लागला. पहाटे लवकर उजाडतं म्हणून धाकटी जी पाचला उठून बसायची, तेही त्याच कापडाने थांबलं.

दुपारच्या झोपेचं विचारलंत. दीड वर्षाच्या मुलीची झोप अजिबात बंद करू नका, फक्त तीनच्या सुमारास उठवा. एक-दोन वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास लागतात, तीन ते पाचच्या मुलांना १० ते १३. दमून कोलमडलेलं मूल लवकर झोपतं हा गैरसमज आहे, ते जास्त किरकिरतं. मुलगा दुपारी झोपत नसेल तर सोडून द्या. दोघांना एकाच वेळी झोपवायचा अट्टहास करू नका, आधी धाकटी, मग थोरला.

सर्दीचं औषध पाजलं की गाढ झोपतात, असंही तुम्हाला कोणीतरी सांगेल. आम्हाला वहिनीने सांगितलं होतं. झोपेसाठी ते औषध देऊ नये. काही मुलं त्याने उलट जास्त चाळवतात.

दोन-तीन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. कापड किंवा पडद्याच्या दोऱ्या मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका, गळ्याला फास बसू शकतो, आणि धाकटीचा पलंग खिडकीला लावू नका. या दिवसांत परागकणांमुळेही झोप मोडते. ताप नाही, पण डोळे चोळणं, शिंका आणि चोंदलेलं नाक असेल तर बाहेरून आल्यावर तोंड धुऊन कपडे बदला आणि डॉक्टरांना दाखवा. मूल रोज घोरत असेल किंवा झोपेत श्वास मध्येच अडकत असेल, तर उजेडाचं माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

राहिली घरातली मोठी माणसं. त्यांना शास्त्र सांगत बसू नका, मी सांगून बघितलंय. त्यांच्या हातात काम द्या. दिवे मंद करायची जबाबदारी आजोबांची, गोष्ट आजीची. पाहुणे बसलेले असले तरी दिव्यांची वेळ पुढे ढकलायची नाही. मोठ्या माणसांना मंद उजेडातही गप्पा मारता येतात. दादा पुढच्या वेळी येईल तेव्हा त्यालाही माराव्या लागतील.