डेफिनिट इंटिग्रलमधला ‘सी’ जातो कुठे?

तुम्ही विचारलंय की गणितं सुटतात, पण डेफिनिट इंटिग्रलमध्ये, म्हणजे सुरुवात-शेवटाची टोकं दिलेल्या इंटिग्रलमध्ये, ‘सी’ (टोकं नसलेल्या इंटिग्रलच्या उत्तराशेवटी मिळवतात तो स्थिरांक) का लिहीत नाहीत आणि क्षेत्रफळ ऋण कसं येतं? बारावीत मलाही कळलं नव्हतं. ‘सी’ कॅन्सल होतो, एवढंच फळ्यावर होतं.

माझं डोकं उघडलं ते वीजबिलामुळे. मागील रिडिंग ४३१०, चालू रिडिंग ४४२५, वापर ११५ युनिट. मीटर बसवताना त्यावर शून्य होतं की आणखी काही, कोण विचारतो? तो आकडा दोन्ही रिडिंगांत आहेच, वजाबाकीत उडतो. डेफिनिट इंटिग्रलही अशीच दोन टोकांच्या किमतींची वजाबाकी, आणि तो आकडा म्हणजेच तुमचा ‘सी’.

मीटर आत करतो काय? बेरीज. २ किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की १ युनिट, सरळ गुणाकार. पण फ्रीज मध्येच सुरू होतो, इस्त्री बंद होते. वीज खेचण्याचा दर बदलतो, म्हणून वेळेचे बारीक तुकडे पाडून गुणाकार करायचे आणि मिळवत जायचं. इंटिग्रलची ती लांबुडकी खूणसुद्धा ‘एस’च आहे: लाइबनिट्सने १६७५ मध्ये ‘सुम्मा’, म्हणजे बेरीज, या लॅटिन शब्दावरून घेतलेली.

एकदा हाताने करा, सूत्र न वापरता. एक्सच्या वर्गाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ, ० ते ३. एकेक रुंदीच्या तीन पट्ट्या पाडा. पट्टीच्या डाव्या कडेची उंची धरली तर ० + १ + ४ = ५, उजव्या कडेची धरली तर १ + ४ + ९ = १४. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये. पट्टी ०.५ ची केली की ६.८७५ आणि ११.३७५, ०.१ ची केली की ८.५५५ आणि ९.४५५. दोन आकड्यांतलं अंतर दर वेळी पट्टीच्या रुंदीच्या ९ पट आहे. रुंदी हवी तेवढी कमी करा, चिमटा आवळत जातो आणि मध्ये ९ उरतात. लिमिट म्हणतात ते हेच. पट्टी शून्य रुंदीची कधीच होत नाही (माझा सगळा गोंधळ इथेच होता).

आता ऋण. छतावर सोलर असेल तर दुपारी घरातली वीज बाहेर जाते. तेवढा वेळ दर ऋण. बेरीज निव्वळ असते. म्हणून साइन एक्सचं ० ते २ पाय (२π) उत्तर शून्य: पायपर्यंत +२, पुढे आलेख अक्षाखाली जातो म्हणून −२. प्रश्नात ‘क्षेत्रफळ काढा’ असं असेल तर पायपाशी तोडा, दुसऱ्या भागाची खूण बदला, ४ लिहा.