निरीक्षणाच्या वहीबद्दल

अनेक आशीर्वाद.

बालविकास आणि कुटुंब अभ्यास या विषयात पदवी करायचं ठरवलंस, फार आनंद झाला. ‘मला लहान मुलं आवडतात’ असं कारण दिलं आहेस. छानच आहे, पण ते पहिल्या सत्रापर्यंत पुरेल. पुढे मुलांकडे बघता यावं लागतं, आणि ते शिकावं लागतं.

प्रात्यक्षिकासाठी बालवाडीत जाशील तेव्हा वहीत काय उतरतंय याकडे लक्ष दे. ‘मुलगी हट्टी आहे’ ही नोंद नव्हे, तो आपण मारलेला शिक्का. ‘झाकण उलटं ठेवलं. दाबलं, बसेना. बाईंनी हात पुढे केला तसा डबा ओढून घेतला. झाकण फिरवून पुन्हा दाबलं’ ही नोंद. आता हट्ट की चिकाटी, यावर बोलता येईल. पानाचे दोन रकाने कर, एकात दिसलं ते, दुसऱ्यात वाटलं ते. मुलाचं खरं नाव मात्र कुठेच नको.

हे शास्त्र अशा बारीक नोंदींवरच उभं आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचं निरीक्षण केलं. लपवलेली वस्तू तान्हं बाळ शोधत नाही, म्हणजे नजरेआड झालेली वस्तू त्याच्या लेखी उरतच नाही, असा अर्थ त्यांनी लावला. १९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ रेने बेयारजाँ आणि सहकाऱ्यांनी बाळ कुठे किती वेळ बघतं ते मोजलं. पडदा त्याच्यामागे लपवलेल्या खोक्यातून आरपार गेल्यासारखा दाखवला, तेव्हा पाच महिन्यांची बाळं त्या अशक्य घटनेकडे जास्त वेळ बघत राहिली. लपलेली वस्तू त्यांच्या मनात होती, ती शोधायला हात तयार नव्हते. म्हणून संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र नुसते पास होण्यापुरते करू नकोस. प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती अवलंबून असतं, ते तिथे कळतं.

मूल कुटुंबापासून वेगळं काढूनही बघता येत नाही. मार्शमॅलो या गोड खाऊचा प्रयोग तू ऐकला असशील: समोरचा खाऊ लगेच न खाता, थांबल्यावर जास्त मिळेल म्हणून धीर धरणारी मुलं पुढे अभ्यासात सरस ठरतात, असं सांगितलं जायचं. २०१८ च्या मोठ्या अभ्यासात घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची बौद्धिक क्षमता हिशेबात घेतल्यावर हा संबंध खूपच क्षीण झाला. मुलाचा स्वभाव म्हणून आपण जे मोजतो, त्यात घर किती मिसळलेलं असतं बघ.

नातेवाईक लगेच विचारतील, ‘आमचं बाळ अजून चालत नाही, काही बिघडलंय का?’ जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुलं ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान कधीही एकटी चालू लागलेली दिसली. हे सांग, पण निदान करू नकोस. शंका खरी वाटली तर त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठव. समुपदेशन किंवा उपचाराच्या कामासाठी बहुतेक ठिकाणी पुढचं शिक्षण आणि परवाना लागतो, त्याची चौकशी दुसऱ्या वर्षातच करून ठेव.

आणखी एक, जे अभ्यासक्रमात लिहिलेलं नसतं. पालकत्वाच्या पद्धती शिकताना स्वतःचं बालपण वर येतं. आई-वडिलांचा राग येतो, कधी वर्गातच डोळे भरून येतात. तसं झालं तर एकट्यानं सोसू नकोस, विश्वासाच्या शिक्षकांशी बोल. आई-वडिलांवर लगेच एखाद्या पद्धतीचं नाव चिकटवू नकोस. त्यांच्या वेळी कोण मदतीला होतं, पैशांची ओढाताण किती होती, हेही त्यांना विचार.

पहिल्या चार-पाच नोंदी झाल्या की पाठव, आपण बसून वाचू.