तारा काढल्या, तरी कोपर सरळ होत नाही

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. संक्रांतीला पतंगामागे धावताना तो गच्चीच्या जिन्यावरून पडला आणि डाव्या कोपराच्या वरचे हाड मोडून बरेच सरकले. भूल देऊन दोन तारा घातल्या आणि चार आठवड्यांनी काढल्या. त्यालाही पंधरा दिवस झाले, पण हात पूर्ण सरळ होत नाही. अंगठा व तर्जनी वाकवून टोकाला टोक लावत गोल करायला सांगितले, तर बोटे चपटीच राहतात. सासूबाई हाडवैद्याकडून मालिश करवून घ्या म्हणतात. काय करावे?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, मालिश करू नका आणि हात कोणालाही ओढू देऊ नका. सासूबाईंचा जीव नातवासाठी तुटतो आहे, हे मी समजू शकतो. पण नुकत्याच जुळलेल्या कोपराला जोराने चोळले किंवा ताणले, तर सूज वाढते, कोपर अधिक आखडते आणि कधी कधी स्नायूतच हाड तयार होते. पंधरा दिवसांत हात सरळ न होणे स्वाभाविक आहे. आंघोळीच्या वेळी कोमट पाण्याची बादली समोर ठेवून त्याला डाव्या हाताने मग भरू द्या, ओला रुमाल पिळू द्या. तो स्वतः हात जितका हलवील तितका पुरे. बहुतेक मुलांची हालचाल काही महिन्यांत परत येते.

बोटांचा गोल न होणे हे मात्र तुम्ही फार नेमके टिपले आहे. सरकलेल्या हाडाच्या टोकाने मज्जातंतूच्या एका फांदीला ताण बसला की असे होते. ती बहुधा तीन ते सहा महिन्यांत आपोआप सुधारते, तरीही शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना हे याच आठवड्यात दाखवा आणि हे मोडल्या दिवसापासून होते की तारा घातल्यानंतर सुरू झाले, तेही सांगा.

मला अधिक काळजी हाताच्या ठेवणीची वाटते. कोपर जमेल तितके सरळ झाले की दोन्ही तळवे वर करून हात शेजारी शेजारी धरायला लावा. डावा हात कोपरापासून शरीराकडे वळलेला दिसला, तर हाड किंचित तिरके जुळले आहे असे समजावे. दंडाच्या हाडाची जेमतेम 20 टक्के वाढ कोपराकडच्या टोकातून होत असल्यामुळे हा बाक वयाबरोबर जात नाही. त्याने कामात फारशी अडचण येत नाही, परंतु तो घालवायचा असेल तर पुढे हाड कापून सरळ करावे लागते. तेव्हा तपासणीला जाताना तारा काढतानाचा एक्स-रे सोबत न्या आणि हाडाचा कोन मोजून घ्या.