भूजलाचा नकाशा प्रथम कोणी काढला?

प्रश्न : आमच्याकडे विहीर खणायची तर आजही पाणाड्याला बोलावतात; ग्रामपंचायतीत मात्र भूजलाचा नकाशा टांगलेला आहे. न दिसणाऱ्या पाण्याचा नकाशा काढायला सुरुवात कोणी केली आणि आपल्या भागात त्यावर कितपत विसंबावे?
– एक वाचक, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : पाण्याच्या खुणा ओळखण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा अध्याय असून, कोणत्या झाडाजवळ वारूळ असल्यास किती पुरुष (माणसाच्या उंचीवरून ठरवलेले खोलीचे माप) खोलीवर पाणी लागेल, याचे ठोकताळे त्यात आहेत. मात्र ते एकेका जागेचे निदान झाले. (पाणाड्याचा अंदाज खरा ठरला की गावभर होतो आणि चुकला की कोणी आठवण काढत नाही, हेही खरे.)

नकाशासाठी अनेक विहिरींचे मोजमाप एकाच पायावर आणावे लागते. टेकाडावरील विहिरीत पाणी पन्नास फुटांवर आणि ओढ्याकाठच्या विहिरीत दहा फुटांवर असले, तरी जमिनीच्या उंचीतून ही खोली वजा केल्यावर दोन्ही पाणी एकाच पातळीवर असू शकते. अशा समान पातळीच्या जागा जोडणाऱ्या रेषा आखल्या की पाणी कोणीकडे वाहते आहे, ते कळते. आशील देलेस या फ्रेंच खाण अभियंत्याने याच रीतीने १८५८ मध्ये पॅरिस शहराचा नकाशा सिद्ध केला, तर जोसेफ लुकस या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने १८७० च्या दशकात लंडन परिसरातील खडूच्या खडकातील पाण्याचे नकाशे काढले.

खडूच्या खडकात पाणी बऱ्याच अंशी सलग असते, म्हणून तेथे दोन विहिरींमधील रेषेला अर्थ असतो. मराठवाड्याचा बहुतांश भाग लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनलेला आहे. येथे पाणी मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांतच साठते, आणि मध्ये अखंड काळा पाषाण आला तर भरल्या विहिरीशेजारची बोअर कोरडी जाते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते आणि निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. तिच्या नकाशावरून परिसराचे पाणी वर्षागणिक चढते की उतरते, हे भरवशाने समजते. विहिरीची नेमकी जागा त्यावरून ठरवू नये. नकाशावरील नोंद मे महिन्यातील आहे की ऑक्टोबरमधील, आणि जवळची निरीक्षण विहीर किती अंतरावर आहे, एवढे आधी पाहावे.