शाळेत मुक्त सॉफ्टवेअर आणताय? आधी एवढंच करा

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे कुणालाही वापरता, वाटता आणि बदलता येणारं. पण सगळे संगणक एका झटक्यात विंडोजवरून लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवर नेण्याचा बेत तूर्त बाजूला ठेवा. नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण इथेच अडकतात. आहे त्याच विंडोजवर लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं) टाका, लहान वर्गांसाठी जीकॉम्प्री (शैक्षणिक खेळांचा संच) आणि विज्ञानाच्या तासाला स्टेलेरियम (संगणकावरचं तारांगण). ही तिन्ही लिनक्सवरही चालतात, त्यामुळे पुढे सिस्टीम बदलली तरी मुलांना सवयीचंच दिसेल.

स्टेलेरियमवर एक तास घेऊनच बघा. भरदिवसा वर्गात रात्रीचं आकाश उघडतं, काळ मागेपुढे सरकवता येतो, ग्रहणं दाखवता येतात. आणि मुलं तेच घरी विनामूल्य, कायदेशीरपणे वापरू शकतात. माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हा. शाळेचा लायसन्सचा खर्च वाचणं त्यानंतर.

काही गोष्टी आधीच सांभाळा:

- जुन्या वर्ड फाइल्स लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहा. मांडणी विस्कटली तर आधी फॉन्ट तपासा. पुष्कळदा तोच त्या संगणकावर नसतो. देवनागरी मजकूर युनिकोडमध्येच (अक्षरांची सगळ्या संगणकांवर चालणारी प्रमाण पद्धत) टाइप करा.
- फुकट मिळणारं प्रत्येक सॉफ्टवेअर मुक्त नसतं. लायसन्स वाचा, जीपीएल किंवा एमपीएल (ही मुक्त सॉफ्टवेअरची लायसन्स) असेल तर निर्धास्त राहा.
- सहकारी शिक्षकांना विश्वासात घ्या. वरून लादलेलं सॉफ्टवेअर कुणी उघडतही नाही.

मूडलचा (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याचं सॉफ्टवेअर) सर्व्हर, नेटवर्कवरून संगणक बूट म्हणजे सुरू करणं वगैरे आत्ता नकोच. पहिलं सत्र पार पडू द्या, मग विचारा. नक्की सांगेन.