आभासी वास्तव, बुजगावणं आणि चकवा

दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेतल्या ताई दर शनिवारी नववी-दहावीच्या मुलांना विज्ञानपट दाखवतात. या खेपेला विषय व्हर्च्युअल रिॲलिटी (व्हीआर). फळ्यावर 'आभासी वास्तव' लिहिलं तर एक पोरगा म्हणाला, "मॅडम, आभासी म्हन्जे आरशातलं ना?" दुसऱ्यानं विचारलं, आभासी हाय तं वास्तव कसं? ताईंचा प्रश्न असा की हा शब्द वदतोव्याघात, म्हणजे स्वतःलाच खोडणारं बोलणं नाही का, आणि सिम्युलेशनला, म्हणजे खऱ्यासारखं काही संगणकात उभं करण्याला, मराठीत काय म्हणावं.

ताई, पहिल्या पोराला माझ्यातर्फे शाबासकी द्या. पडद्यावर घेता येते ती वास्तव प्रतिमा आणि घेता येत नाही ती आभासी, हे त्याच्या पक्कं डोक्यात बसलंय. या हिशेबानं तुम्ही भिंतीवर पाडता तो सिनेमा वास्तव प्रतिमाच! डोळ्यांना लावायच्या व्हीआर चष्म्यात मात्र भिंग जवळचा पडदा मोठा करून लांबवर दाखवतं, आणि ती प्रतिमा आभासी असते. तेवढ्या यंत्रापुरता आपला शब्द शास्त्राला धरून आहे.

घोळ पुढे होतो. आभास या शब्दात 'भास्' धातू आहे, म्हणजे चमकणं, दिसणं. दिसतं पण तसं नसतं, तो आभास. हेत्वाभास म्हणजे हेतूसारखा, म्हणजे तर्कातल्या कारणासारखा दिसणारा, पण हेतू नसलेला. लॅटिनमधल्या 'विर्तुस'चा अर्थ मात्र बळ, अंगचा गुण. त्यावरून आलेला व्हर्च्युअल म्हणजे नावानं ती वस्तू नव्हे, पण गुणानं, परिणामानं तीच. आपल्या शब्दाचा जोर 'नाही'वर आहे, त्यांच्या शब्दाचा 'काम करतं'वर.

हे वर्गात समजावायचं तर बुजगावण्याकडे बोट दाखवा. ज्वारीत दाणा भरला की आमच्या धुऱ्यापाशी एक उभं राहतं: दोन काटक्या, आज्याचा फाटका सदरा, वर पालथं मडकं, त्यावर चुन्याचे डोळे. तो माणूस नाही हे आम्हाला ठाऊक, पण पाखरू खाली उतरत नाही. त्याला कोणी आभासी माणूस म्हणत नाही, कारण पाखरांपुरता तो राखणदार खराच. व्हर्च्युअल म्हणतात ते हे. (चार दिवसांनी कावळा मडक्यावरच येऊन बसतो, ती गोष्ट वेगळी.)

लॉकडाउनमध्ये 'आभासी बैठक' हा शब्द बोकाळला तेव्हाही मला हेच खटकायचं. बैठक आभासी, मग तिथला ठरावही आभासी का? तिथे 'दूरस्थ' पुरेसा होता. आणि 'द मॅट्रिक्स' या सिनेमात (1999) तर संगणकानं उभ्या केलेल्या आतल्या जगात मेलेला माणूस बाहेर खुर्चीतही मरतो. त्याला नुसता आभास कसं म्हणायचं?

दुसऱ्या पोराचंही बरोबर आहे, वदतोव्याघात आहेच. पण तो आपण केलेला नाही. अंतोनँ आर्तो या फ्रेंच नाटकवाल्यानं 1938च्या पुस्तकात ही जोडी वापरली ती रंगभूमीविषयी बोलताना. संगणकवाल्यांत ती जॅरन लॅनियर यांनी 1980च्या दशकात रुळवली. जन्मच नाटकाच्या मांडवातला म्हटल्यावर खऱ्या-खोट्याची गाठ असायचीच.

मग 'मायाजग' का नको? माया म्हटलं की वेदान्त येतो, शिवाय लेकराला लावलेली माया येते आणि एखाद्यानं जमवलेली मायाही येते. आपल्या वऱ्हाडीत आणखी एक भानगड. 'माह्या घरी'मधला ह बोलताना गळतो आणि 'माया घरी' ऐकू येतं. तुमचे पोट्टे 'माया जगात' हे 'माझ्या जगात' असंच ऐकतील. तसा तोही अर्थ वाईट नाही म्हणा.

आता सिम्युलेशन. विमान चालवायच्या सरावाला 'नक्कल' किंवा 'लुटुपुटूचं उड्डाण' चालेल, पण अख्खं जग उभं केलेलं असेल तर नक्कल तोकडी पडते. 'सोंग' माणूस घेतो, जग नाही. तिथे आपल्याकडे तयार शब्द आहे, प्रतिसृष्टी. त्रिशंकूसाठी विश्वामित्रानं केली ती. करणारा कोणीतरी आहे, मूळ सृष्टी बाहेर शाबूत आहे, आणि आतला बिचारा अधांतरी, हे सगळं त्या एका शब्दात येतं. डॅनियल गलूय यांची 1964ची कादंबरी 'सिम्युलॅक्रॉन-3' याच बेताची. संगणकात माणसांसकट शहर वसवणाऱ्याला आपलंही शहर तसंच कोणीतरी वसवल्याचं कळतं. तिच्यावरून दिग्दर्शक फासबिंडर यांनी 1973 मध्ये जर्मन दूरचित्रवाणीसाठी दोन भागांत चित्रपट केला, आणि 1999 मध्ये 'द थर्टीन्थ फ्लोअर' आला. त्यात नायक गाडी काढून रस्ता संपेपर्यंत जातो, तर पुढे डोंगर-रान नाही, नुसत्या रेषांचा सांगाडा.

आणि त्या जगात सापडलेल्याची जी गत होते, तिला 'चकवा' याहून नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही. आजा एकदा जागलीहून परतताना चकव्यात सापडला होता. वाट पायाखालची, तरी तीच वाकडी बाभूळ तिसऱ्यांदा समोर आली. तो सांगे, "चालत राहशीन तं फसशीन. बसून जाय तिथंच, उजाडू दे." मॅट्रिक्समध्ये काळी मांजर लागोपाठ दोनदा दारावरून जाते आणि मंडळी सावध होतात. मला तिथे ती बाभूळच आठवली.

तेव्हा ताई, चष्म्याबद्दल लिहाल तेव्हा 'आभासी वास्तव' राहू द्या, आता रुळलाय. सिनेमांसाठी फळ्यावर 'प्रतिसृष्टीचे सिनेमे' लिहून पाहा. पोट्टे व्हीआरच म्हणतील, म्हणू द्या.