सॉफ्टवेअर शीक, पण आधी आरसा मोजायला शीक

प्रश्न: मी सांगलीत बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. फेम्टोसेकंद (सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) पल्सच्या अतिनील लेसरने बारीक काम करणाऱ्या यंत्रांसाठी आरशांचं ऑप्टिक्स डिझाइन करायचं आहे. ऑप्टिकल डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा कोर्स पुरेल का?

उत्तर: कोर्स जरूर कर, पण तेवढ्याने भागणार नाही. स्क्रीनवर सुरेख दिसणारं डिझाइन टॉलरन्सपाशी, म्हणजे प्रत्यक्षात किती चूक चालेल त्या मर्यादेपाशी, येऊन अडतं.

वहीत एक हिशेब मांड. कॅटलॉगमधला ‘लॅम्डा बाय टेन’ (चूक तरंगलांबीच्या एक दशांश) आरसा बहुधा ६३३ नॅनोमीटरवर मोजलेला असतो, म्हणजे पृष्ठभागाची चूक ६३ नॅनोमीटर. परावर्तनात ती दुप्पट, १२६. इटर्बियम लेसरचा मूळ प्रकाश १०३० नॅनोमीटरचा आणि त्याचा तिसरा हार्मोनिक (एक तृतीयांश तरंगलांबीचा अतिनील प्रकाश) ३४३ नॅनोमीटरचा, म्हणजे चूक तरंगलांबीच्या एक तृतीयांशाहून जास्त. स्पॉट, म्हणजे फोकसमधला प्रकाशाचा ठिपका, बिघडणारच. पॉलिशच्या खडबडीतपणाने विखुरणारा प्रकाशही १०३० नॅनोमीटरच्या नऊपट.

मग आरसेच का? ३० फेम्टोसेकंदांची अतिनील पल्स लेन्सच्या १० मिलिमीटर सिलिका काचेतून गेली की तिपटीहून जास्त ताणली जाते; आरशात ती काचेतून जातच नाही. ३०० फेम्टोसेकंदांच्या पल्सला मात्र तेवढ्याने काही होत नाही. तिथे चांगली लेन्स चालत असेल तर आरशांचा हट्ट धरू नये.

दोन आरशांच्या श्वार्झशिल्ड रचनेत पुढचा छोटा आरसा बीमचा मध्यभाग अडवतो, आणि गाउसियन बीमची सर्वाधिक तीव्रता नेमकी तिथेच असते. ऑफ-ॲक्सिस पॅराबोलात (पॅराबोलाच्या बाजूच्या तुकड्याचा आरसा) ही अडचण नाही, पण बीम किंचित तिरका आला की कोमा, म्हणजे स्पॉटला धूमकेतूसारखी शेपटी, दिसतो. म्हणून बीम फिरवण्यापेक्षा स्टेजवर वस्तूच हलवतात. फोकल लेंथ १०० मिलिमीटर असेल आणि आधीचा सपाट आरसा १० मायक्रोरेडियन कलला, तर स्पॉट २ मायक्रॉन सरकतो. माउंट (आरशाची बैठक) तापल्यानेही एवढं होऊ शकतं.

अतिनीलमध्ये चांदीचा लेप कुचकामी. ॲल्युमिनियम किंवा डायइलेक्ट्रिक (पारदर्शक पातळ थरांचं) कोटिंग लागतं. जवळच्या गोंद-ग्रीसची वाफ अतिनील प्रकाशात आरशावर काळपट थर धरते, म्हणून बंद पेटीत कोरडा नायट्रोजन सोडतात.

शिक्षणासाठी तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ विज्ञान संस्थेचं ऑप्टिकल इंजिनिअरिंगचं एम.टेक. आणि कोचीच्या कुसॅट विद्यापीठातले फोटॉनिक्सचे (प्रकाश-तंत्रज्ञानाचे) अभ्यासक्रम बघ. परदेशात जायचं तर जर्मनीतलं येना विद्यापीठ. प्रोजेक्टसाठी मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेला आणि इंदूरच्या आरआरकॅट या लेसर संशोधन केंद्राला अर्ज कर.

या सुट्टीत दुर्बिणीचा १५० मिलिमीटरचा आरसा स्वतः घास आणि फूकोच्या नाइफ-एज चाचणीने (फोकसपाशी पातं सरकवून आरशावरची सावली पाहत) तपास. एलईडी, पातं आणि सरकता स्टँड पुरे. सावली कुठे गडद होते ते कागदावर काढ आणि तो कागद अर्जासोबत जोड.